ऑनलाइन गेमचं रोजचं बक्षीस आणि रिसेटची वेळ: हिशेब नेमका कसा लावायचा

सोमवारी संध्याकाळी गेम उघडला, रोजचं बक्षीस घेतलं. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा उघडला, कारण तारीख बदलली होती. मंगळवारचंही उरकलं असं समजून मंगळवारी दिवसभर गेमकडे पाहिलंच नाही. बुधवारी पाहावं तर मंगळवार कोरा! मग दोष जातो गेममधल्या 'बग'ला. बहुतेक वेळा बग नसतोच. गेमचा दिवस आपल्या बाराच्या ठोक्याला बदलत नाही (या बदलण्यालाच 'रिसेट' म्हणतात), आणि त्याहून गोंधळाचं म्हणजे एकाच गेममधल्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी बदलत नाहीत.

पुढचं सगळं प्रामुख्याने 'जेनशिन इम्पॅक्ट' या गेमवरून सांगतो. त्यात एका खात्यावर निरनिराळी घड्याळं चालतात, त्यामुळे तो जमला की बाकीचे गेम सोपे वाटतात. त्याच कंपनीचा 'होंकाई: स्टार रेल' खेळत असाल तर सर्व्हरच्या (कंपनीच्या ज्या संगणकावर तुमचं खातं असतं त्याच्या) वेळा जवळपास तशाच लागू होतील. रमी, तीन पत्तीसारख्या पैशांच्या ॲपमधल्या 'डेली बोनस'शी या लेखाचा संबंध नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.

पायरी १: आधी आपला सर्व्हर कोणता ते पाहा

ही पायरी सगळे सोडून देतात आणि पुढचं गणित त्यामुळेच चुकतं. भारतातून खेळतो म्हणजे आशिया सर्व्हरच असणार, हे गृहीत धरू नका. मित्रांची टोळी युरोपवर आहे म्हणून तिथे खातं काढणारे बरेच असतात. पहिल्यांदा गेम टाकताना घाईत भलताच पर्याय दाबणारेही कमी नाहीत.

जेनशिनमध्ये स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तळाला बारीक अक्षरांत यूआयडी नावाचा आकडा दिसतो. त्याची सुरुवात पाहा:

१. ६ ने सुरू होत असेल तर अमेरिका.
२. ७ ने सुरू होत असेल तर युरोप.
३. ८ किंवा १८ ने सुरू होत असेल तर आशिया.
४. ९ ने सुरू होत असेल तर तैवान, हाँगकाँग, मकाव.

सर्व्हर नंतर बदलून मिळत नाही. त्याच ईमेलने दुसऱ्या सर्व्हरवर शिरता येतं, पण तिथे सगळं शून्यापासून सुरू होतं.

सावधान: एखाद्या दिवशी गेम उघडल्यावर सगळी पात्रं गायब आणि सुरुवातीची गोष्ट परत चालू झाली, तर घाबरून पासवर्ड बदलत बसू नका. लॉगिनच्या पडद्यावर सर्व्हरचं नाव पाहा. नवा फोन घेतल्यावर किंवा गेम पुन्हा टाकल्यावर हा पर्याय बदललेला असू शकतो. चुकीच्या सर्व्हरवरचं लॉगिन तुमच्या खऱ्या खात्याच्या हजेरीत धरलं जात नाही.

याच वेळी खातं ईमेलला जोडलेलं आहे ना, तेही पाहून घ्या. ज्या गेममध्ये 'गेस्ट' म्हणून खेळता येतं, तिथे फोन हरवला की शंभर दिवसांची हजेरीही फोनबरोबर जाते.

पायरी २: घड्याळं वेगळी करा

'रिसेट कधी असतो?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाचा रिसेट? जेनशिनपुरतं बोलायचं तर निदान चार घड्याळं आहेत, आणि ती एकमेकांना विचारून चालत नाहीत.

पहिलं, सर्व्हरच्या दिवसाचं. सर्व्हरच्या स्थानिक वेळेनुसार पहाटे चार वाजता दिवस बदलतो. रोजची चार कमिशन्स (छोटी कामं), 'वेल्किन' म्हणजे महिन्याच्या पासचे रोजचे ९० प्रिमोजेम (गेममधलं चलन) आणि इव्हेंटची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या खास उपक्रमाची हजेरी या घड्याळावर चालतात. आठवड्याचा रिसेटही याच वेळेचा, फक्त सोमवारी. महिन्याच्या १ तारखेला पहाटे चारला दुकानातला ठरावीक माल नव्याने भरतो. स्टारडस्ट (गेममधलं आणखी एक चलन) देऊन ज्या पाच-पाच फेट्स (नवी पात्रं काढायची तिकिटं) घेता येतात, त्या यातल्याच. तारखांवर चालणाऱ्या मोठ्या आव्हानांचंही तेच: थिएटर १ तारखेला, स्पायरल अबिस १६ला.

आपल्याकडे पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि भिंतीवरच्या इंग्रजी तारखेचा मध्यरात्री. गेमचा दिवस पंचांगासारखा आहे: लोक झोपेत असताना पहाटे बदलतो, म्हणजे रात्री उशिरापर्यंत खेळणाऱ्याचं सत्र मध्येच तुटत नाही. अडचण एवढीच, की ती पहाट सर्व्हरच्या गावातली असते, तुमच्या नाही.

दुसरं, वेबसाइटच्या हजेरीचं. कंपनीच्या 'होयोलॅब' या ॲपवर रोज 'चेक-इन' करावं लागतं. ते गेमच्या बाहेर असतं आणि बदलतं चीनच्या मध्यरात्री, पहाटे चारला नाही. सर्व्हर अमेरिकेचा असो की युरोपचा, या हजेरीची वेळ तीच.

तिसरं, तुमच्या कृतीपासून मोजलं जाणारं. याला रिसेट नसतोच. रेझिन (बक्षिसं घ्यायला खर्च होणारी ऊर्जा) दर ८ मिनिटांना १ या गतीने भरतं आणि २०० वर थांबतं. शून्यापासून भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात. 'रिसेट झाला की रेझिन भरेल' म्हणून वाट पाहणारे दर आठवड्याला भेटतात. ते भरत नाही. पात्रांना २० तासांच्या मोहिमेवर पाठवता, तेही याच जातीचं: पाठवल्या क्षणापासून २० तास. २४ऐवजी २० असल्यामुळे रोज साधारण त्याच वेळी गेम उघडणाऱ्याचं वेळापत्रक पुढे पुढे सरकत जात नाही. मोठी सोय आहे ही.

चौथं, इव्हेंटच्या मुदतीचं. त्याचा हिशेब पायरी ६मध्ये स्वतंत्र केला आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

तपासा: तुमच्या गेममधल्या प्रत्येक रोजच्या बक्षिसापुढे यातलं कोणतं घड्याळ लागू आहे, ते कागदावर लिहा. एखाद्यापुढे लिहिता आलं नाही तर त्याच्याशेजारचं प्रश्नचिन्हाचं बटण दाबा. नियम बहुतेक वेळा तिथे असतात आणि ते कोणी वाचत नाही.

पायरी ३: प्रत्येक वेळ भारतीय वेळेत एकदाच बदलून ठेवा

आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. या अर्ध्या तासामुळे तोंडी हिशेब हमखास घसरतो. त्यामुळे रोज गणित करण्यापेक्षा एकदाच करून ठेवलेलं बरं:

१. चीन, सिंगापूरची वेळ (यूटीसी अधिक ८) असेल तर अडीच तास वजा करा.
२. जपानची वेळ (यूटीसी अधिक ९) असेल तर साडेतीन तास वजा करा.
३. यूटीसी दिली असेल तर साडेपाच तास मिळवा.
४. यूटीसी अधिक १ असेल तर साडेचार तास मिळवा.
५. यूटीसी वजा ५ असेल तर साडेदहा तास मिळवा.

या हिशेबाने जेनशिनचा आशिया सर्व्हर आपल्याकडे पहाटे दीडला रिसेट होतो, युरोप सकाळी साडेआठला आणि अमेरिका दुपारी अडीचला. होयोलॅबची हजेरी रात्री साडेनऊला बदलते. या गेमचे सर्व्हर उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाहीत, त्यामुळे भारतात बसून खेळणाऱ्यासाठी या वेळा बारा महिने त्याच राहतात.

दुसरे गेम किती वेगळे असतात ते पाहा. वॉरफ्रेमचा दिवस यूटीसी मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. आर्कनाइट्सच्या ग्लोबल सर्व्हरचा दुपारी साडेचारला. ब्लू आर्काइव्हचा रात्री साडेबाराला. फायनल फँटसी १४चा रोजचा रिसेट रात्री साडेआठला, पण आठवड्याचा मंगळवारी दुपारी दीडला. एकाच गेममध्ये रोजची वेळ एक आणि आठवड्याची दुसरी! डेस्टिनी २चा दिवस रात्री साडेदहाला बदलतो. पोकेमॉन गो मात्र तुम्ही जिथे असाल तिथली मध्यरात्र धरतो. 'बाराला बदलतं' हा आपला समज या यादीत फक्त त्याच्यापुरता खरा आहे.

सावधान, वाराचा घोळ: आशिया सर्व्हरबद्दल 'आठवड्याचा रिसेट रविवारी रात्री दीडला' असं आपण सहज बोलतो. कॅलेंडरच्या हिशेबाने तो सोमवार असतो. फोनमध्ये अलार्म लावताना रविवार निवडलात तर तो शनिवारच्या रात्रीनंतर वाजेल, म्हणजे बरोबर एक दिवस आधी. मध्यरात्र ते दीड या दीड तासात भिंतीवर एक वार असतो आणि गेममध्ये आदला. या पट्ट्यात केलेलं कोणतंही काम आदल्या दिवसाच्या खात्यात जातं. १ तारखेला रात्री सव्वाबाराला दुकान उघडून 'सोल्ड आउट' दिसलं तरी काही बिघडलेलं नाही, सव्वा तास थांबा.

तपासा: यादीवर आंधळा विश्वास ठेवू नका, माझ्यासुद्धा. गेममध्ये कुठे ना कुठे उलटी मोजणी दिसत असते, दुकानात किंवा इव्हेंटच्या पानावर. समजा रात्री ८ वाजून १० मिनिटांनी 'शिल्लक ५ तास २० मिनिटे' दिसलं, तर बेरीज बरोबर दीड येते. वेगळी आली तर सर्व्हर चुकला आहे किंवा ती मोजणी दुसऱ्या घड्याळाची आहे. दोन वेगवेगळ्या दिवशी हा पडताळा घेतला की विषय संपतो.

पायरी ४: बक्षीस कोणत्या जातीचं ते ओळखा

चुकलेल्या एका दिवसाची किंमत प्रत्येक बक्षिसात वेगळी असते. ती माहीत नसली की माणूस एकतर उगाच धास्तावतो, नाहीतर निष्काळजी होतो.

सलग हजेरीचं. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकवर. पोकेमॉन गोमध्ये रोजचा पहिला पोकेमॉन पकडण्याची आणि पहिला पोकेस्टॉप (नकाशावरचं ठरावीक ठिकाण) फिरवण्याची सात दिवसांची साखळी अशी असते. सातव्या दिवशी मोठं बक्षीस, मध्ये खंड पडला की पहिल्या दिवसापासून सुरुवात.

एकूण हजेरीचं. दिवस चुकला तर मोजणी थांबते, पुसली जात नाही. वॉरफ्रेममध्ये तुम्ही आजवर एकूण किती दिवस आलात तेच मोजतात. महिनाभर गायब राहून परत आलात तरी आकडा जिथे होता तिथून पुढे चालतो.

होयोलॅबची महिन्याची हजेरीही याच प्रकारची, फक्त महिना संपला की पाटी कोरी. त्यातली बक्षिसं तारखेवर नसून कितवी हजेरी आहे यावर मिळतात. २० प्रिमोजेम असतात चौथ्या, अकराव्या आणि अठराव्या हजेरीला. म्हणजे महिन्यात १८ हजेऱ्या झाल्या की ६०च्या ६० प्रिमोजेम हातात. बाकीच्या दिवसांना मोरा (गेममधले पैसे) आणि किरकोळ साहित्य असतं. सहलीला जाऊन तीन दिवस चुकले म्हणून हळहळण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय छोटी कामं करून महिन्यात तीन दिवसांपर्यंत मागची हजेरी भरून काढायची सोयही आहे.

त्या दिवसापुरतं. वेल्किनचे ९० प्रिमोजेम असेच. ज्या दिवशी गेम उघडला नाही, त्या दिवसाचे गेले. ३० दिवसांची मुदत मात्र पुढे चालूच. पैसे मोजलेली ही एकच गोष्ट असल्यामुळे माझ्या मते रोज न चुकवण्याच्या यादीत ती सगळ्यात वर हवी. दोन दिवस चुकले की १८० प्रिमोजेम गेले, आणि एका विशला (नवं पात्र किंवा शस्त्र काढायच्या सोडतीला) १६० लागतात. परीक्षेचा किंवा प्रवासाचा महिना असेल तर पास त्या महिन्यात घेऊच नका.

जात ओळखायची खूण नियमांच्या मजकुरात असते. 'टोटल' किंवा 'क्युम्युलेटिव्ह' लिहिलं असेल तर एकूण दिवस. 'कॉन्सिक्युटिव्ह' लिहिलं असेल तर सलग, तिथे जपा.

पायरी ५: रोजचा क्रम ठरवा

आता प्रश्न येतो रोज नेमकं कधी उघडायचं. रिसेटसाठी रात्री दीडला जागायची काहीही गरज नाही. रिसेट म्हणजे तुमच्या हातातल्या २४ तासांची सुरुवात. त्या क्षणी हजर राहणाऱ्याला जास्त काही मिळत नाही.

सगळ्यात चुकीची सवय म्हणजे खिडकी बंद व्हायच्या तोंडाशी जाणं. रात्री साडेबाराला 'झोपण्याआधी पटकन' म्हणून गेम उघडला आणि नेमका छोटा अपडेट लागला, वायफाय गेलं किंवा डोळा लागला की दिवस गेला. आशिया सर्व्हरवाल्याने सकाळी सात-आठच्या सुमाराला हजेरी लावली, तर गेमच्या घड्याळात सतरा-अठरा तास आणि होयोलॅबच्या घड्याळात तेरा-चौदा तास हाताशी राहतात. वीज गेली, नेट बंद पडलं, तरी दुसरी संधी असते. म्हणून हजेरी सकाळी आणि खेळ रात्री, अशी विभागणी करा. हजेरीला पाच मिनिटंही लागत नाहीत:

१. होयोलॅबचं चेक-इन. ॲप उघडा, चेक-इनच्या पानावर आजच्या चौकोनावर बोट ठेवा, खूण उमटली ना ते पाहा. नुसतं ॲप उघडणं म्हणजे हजेरी नव्हे.

२. गेममध्ये पूर्ण शिरा. सुरुवातीच्या दरवाजाच्या पडद्यावरून मागे फिरलात तर लॉगिन धरलं जात नाही. तुमचं पात्र जमिनीवर उभं दिसलं पाहिजे. वेल्किन असेल तर चंद्राचं चित्र येऊन ९० प्रिमोजेम जमा होतील. (रिसेटच्या वेळी गेम चालूच असेल, तर हे चित्र लढाईच्या मध्यातही डोळ्यांसमोर येऊन उभं राहतं. कितीतरी लोकांनी त्यापायी शिव्या घातल्या आहेत.)

३. मेल. चेक-इनचं साहित्य आपोआप पिशवीत पडत नाही, गेममधल्या मेलमध्ये येतं. मेलला मुदत असते. ती उलटली की मेल बक्षिसासकट जाते.

४. इव्हेंटचं पान. लॉगिन इव्हेंट चालू असेल तर त्या दिवसाचं बक्षीस तिथे जाऊन स्वतः घ्यावं लागतं. लाल ठिपका दिसतो आहे म्हणजे काहीतरी घ्यायचं राहिलं आहे.

५. मोहिमा. परत आलेल्या पात्रांकडून साहित्य घ्या आणि लगेच पुन्हा २० तासांवर पाठवा.

रात्री निवांतपणे बाकीचं करा: कमिशन्स आणि रेझिन. चार कमिशन्सचे प्रत्येकी १० प्रिमोजेम मिळतात, पण वरचे २० कॅथरिन या गेममधल्या पात्राकडे जाऊन मागावे लागतात. रोज ४०वर समाधान मानणारे लोक आहेत आणि आपले २० कुठे जातात हे त्यांना ठाऊकच नसतं! रेझिन रात्री साडेदहाला शून्य केलंत तर ते परवा पहाटे १.१०ला भरतं. दिवसातून एकदा रिकामं करणं पुरतं. दर चार तासांनी फोन काढायची आवश्यकता नाही.

रात्रीचं काम बारानंतर लांबलं तर एक पथ्य पाळा. दीडच्या आधी आजचं सगळं घेऊन टाका, अगदी कॅथरिनसुद्धा. कमिशन पूर्ण केलं आणि वरचं बक्षीस घेईपर्यंत दीड वाजून गेला, तर ते बक्षीस गेलं.

सावधान: चेक-इन आपोआप करून देणाऱ्या स्क्रिप्ट आणि बॉट फिरत असतात. ते तुमच्या ब्राउझरची 'कुकी' किंवा 'टोकन' मागतात. ती देणं म्हणजे खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं. साठ प्रिमोजेमसाठी एवढा धोका घेऊ नये. सुट्टीवर जाताना मित्राला पासवर्ड देऊन 'रोज उघडून ठेव रे' सांगणंही नियमात बसत नाही.

आणि फोनचं घड्याळ पुढे करून उद्याचं बक्षीस आज काढायच्या नादी लागू नका. वेळ सर्व्हर ठरवतो. तुमचं घड्याळ चुकलं तर उलट नेटवर जोडणंच अडतं. ही युक्ती चालते ती ज्या गेममध्ये दिवस यंत्राच्या घड्याळावर ठरतो तिथे. 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'मध्ये दिवस स्विचच्या घड्याळात पहाटे पाचला बदलतो, म्हणून तिथे तारीख पुढे ढकलता येते. तिथलं ऐकून इथे करायला जाऊ नये.

पायरी ६: इव्हेंटचा शेवट उलटा मोजा

'सात दिवस लॉगिन करा' हा इव्हेंट दोन आठवडे चालणार म्हटलं की सगळे निवांत होतात. मग शेवटच्या आठवड्यात जाग येते आणि बेरीज सहावर अडते.

उदाहरण घेऊ. समजा इव्हेंट २० तारखेला ०३:५९ वाजता, सर्व्हरच्या वेळेने, संपतो. 'वीस तारखेपर्यंत आहे' असं वाचलंत तर चुकलात. सर्व्हरचा २० तारखेचा दिवस चारला सुरू होतो आणि इव्हेंट त्याच्या एक मिनिट आधी संपला. शेवटचा मोजला जाणारा दिवस १९. आशिया सर्व्हरवर आपल्या घड्याळात तो १९च्या पहाटे १.३० ते २०च्या पहाटे १.२९ असा येतो. वीस तारखेच्या सकाळी उठून गेम उघडलात तर इव्हेंट गेलेला असेल.

आता मागे मोजा: १९, १८, १७, १६, १५, १४, १३. सात दिवस भरायचे तर पहिली हजेरी १३च्या दिवसात लागलीच पाहिजे, म्हणजे १४च्या पहाटे दीडच्या आत. त्यानंतर एकही दिवस चुकवता येणार नाही. हे 'एकूण सात' या प्रकारातलं बक्षीस असलं तरी उशिरा सुरुवात केली की ते सलग सातच होऊन बसतं.

म्हणून इव्हेंटची घोषणा दिसली की लगेच दोन तारखा लिहून ठेवा: शेवटचा मोजला जाणारा दिवस आणि त्याच्या सहा दिवस आधीचा दिवस. मधल्या तारखांची चिंता करू नका.

तपासा: सातव्या दिवसाचं बक्षीस इव्हेंट संपायच्या आत 'क्लेम' केलं का? हजेरी पूर्ण पण बटण दाबायचं राहिलं, हा प्रकार वाटतो त्याहून जास्त वेळा घडतो.

नव्या आवृत्तीच्या आधी होणाऱ्या थेट प्रक्षेपणात तीन रिडीम कोड (टाकले की बक्षीस मिळतं असे) जाहीर होतात. तिन्ही मिळून ३०० प्रिमोजेम असतात. त्यांची मुदत अगदी थोडी, आणि तिचा रोजच्या रिसेटशी काही संबंध नसतो. दिसले की वापरा. कोड फक्त गेमच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या अधिकृत पानावर टाका. 'इथे कोड टाका, दुप्पट मिळवा' म्हणणारी पानं पासवर्ड चोरायला बसलेली असतात.

पायरी ७: अडचणीचे दिवस आधी हेरा

अपडेटचा दिवस. साधारण दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि सर्व्हर पाचएक तास बंद असतात, बहुतेक वेळा आपल्याकडच्या पहाटे साडेतीन ते सकाळी साडेआठ. आशियावाल्यांसाठी दीड ते साडेतीन ही दोन तासांची फट आणि मग साडेआठनंतर रात्रीपर्यंतचा दिवस मोकळा. वेळ पुरेसा असतो, अडतं ते डाउनलोडवर. फोनवर काही जीबी जागा लागते. दोन दिवस आधीपासून पूर्वडाउनलोडची सोय देतात, ती वापरा. मोबाइल डेटावर असाल तर आणखी एक घड्याळ आलं: रोजच्या दीड-दोन जीबीचा कोटा रात्री बाराला भरतो, गेमसारखा दीडला नाही. रात्री अकराला उरलेला कोटा संपवा, बारानंतर नव्या कोट्यातून पुढचं उतरवा, असं दोन तुकड्यांत डाउनलोड केलं तर वायफायवाचूनही निभतं.

बंद काळाची भरपाई म्हणून मेलमध्ये प्रिमोजेम येतात. ते घ्यायचे राहू देऊ नका.

प्रवास आणि परदेश. सर्व्हरवर चालणाऱ्या गेमला तुम्ही कुठे आहात याच्याशी देणंघेणं नसतं. आशिया सर्व्हरचा तोच क्षण दुबईत बरोबर मध्यरात्री येतो, सिंगापुरात पहाटे चारला, लंडनमध्ये हिवाळ्यात रात्री आठला आणि उन्हाळ्यात नऊला. पुण्याहून न्यू जर्सीला शिकायला गेलेल्याच्या आशिया खात्याचा दिवस हिवाळ्यात दुपारी तीनला आणि उन्हाळ्यात चारला बदलेल. तिथे सकाळची हजेरी म्हणजे शेवटच्या काही तासांतली हजेरी. वर सांगितलेला 'सकाळी हजेरी' हा नियम तिथे उलटा करा, संध्याकाळी लावा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या आठवड्यात अलार्म तपासा.

भारतात बसलेल्यांनाही याचा फटका बसतो, पण फक्त ज्या गेमची वेळ अमेरिकेच्या पॅसिफिक घड्याळाला बांधलेली आहे तिथे. तिथले सकाळचे दहा उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा असतात, हिवाळ्यात साडेअकरा. घोषणेत पीएसटी (हिवाळी वेळ) लिहिलं आहे की पीडीटी (उन्हाळी वेळ), ते अक्षर बघून मगच मिळवा.

पोकेमॉन गोवाल्यांनी लांबच्या विमानप्रवासाआधी वेगळा विचार करावा. तिथे दिवस तुमच्या जागेबरोबर बदलतो, त्यामुळे निघायच्या दिवशी विमानतळावर आणि उतरल्यावर लगेच, असं दोन्हीकडे पकडून घ्या.

दिवस चुकलाच तर

आधी खरंच चुकला आहे का ते पाहा. रात्री बारा ते दीडच्या मध्ये असाल तर अजून वेळ आहे. होयोलॅबची हजेरी असेल तर भरून काढण्याची सोय वापरा. सलग साखळी तुटली असेल तर ती पैसे देऊन जोडायची सोय काही गेम देतात. आधी त्या साखळीत पुढे काय मिळणार होतं ते बघा. बहुतेक वेळा ते जोडायच्या किमतीइतकंही नसतं.

विसरलेल्या दिवसाचं बक्षीस मदतकेंद्र सहसा परत देत नाही, त्यामुळे तशी विनंती करण्यात वेळ घालवू नका. पण हजेरी लावूनही बक्षीस आलं नाही तर जरूर लिहा. चेक-इनच्या किंवा इव्हेंटच्या पानाचा फोटो जोडा, यूआयडी आणि सर्व्हरचं नाव द्या, आणि घडल्याची वेळ सर्व्हरच्या वेळेत बदलून लिहा. नुसतं 'काल रात्री एक वाजता' लिहिलंत, तर तो कोणता दिवस धरायचा हे पलीकडच्या माणसाला कळणार नाही.